रुग्णांचे सेवक संत कामिलस

रुग्णाची सेवा ही प्रत्यक्ष प्रभूचीच सेवा होय, हें आपण ख्रिस्ती लोक लहानपणापासून ऐकत आलों आहों. परंतु ऐकणें निराळें आणि आचरणें निराळें. ज्यांनीं हें तत्त्व रणांगणावर, साथीच्या जहाजांवर आणि दुर्गंधीनें भरलेल्या इस्पितळांत आचरून दाखविलें, त्या संत कामिलस दे लेलिस यांचें अल्पचरित्र ज्युबिलीच्या या मंगलप्रसंगीं वाचकांपुढें ठेवीत आहों.

कामिलस यांचा जन्म इटलींतील बुक्यानिको गांवीं २५ मे १५५० रोजीं झाला. वडील सैन्यांत अधिकारी असल्यामुळें बहुधा घराबाहेरच असत. आई उतारवयाची होती, आणि मुलगा जाणता होण्यापूर्वींच ती देवाघरीं गेली. मुलगा धिप्पाड, तापट आणि हूड निघाला. तरुणपणीं व्हेनिसच्या सैन्यांत शिरून त्यांनीं तुर्कांविरुद्ध शस्त्र धरलें. पण शस्त्रापेक्षां जुगाराचे फांसेच त्यांच्या हातीं अधिक शोभत. याच सुमारास पायाला एक जखम झाली. ती चिघळली, आणि पुढें मरेपर्यंत बरी झाली नाहीं. उपचारासाठीं १५७१ सालीं ते रोम शहरांतील सान् जाकोमो या असाध्य रोग्यांच्या इस्पितळांत आले व तेथेंच चाकरी करूं लागले. परंतु पत्ते व भांडणें यांपायीं त्यांना तेथून काढून टाकण्यांत आलें. १५७४ सालीं नेपल्स येथें त्यांनीं जुगारांत होतें नव्हतें तें सर्व गमाविलें.

भिकेस लागलेल्या या तरुणाला मान्फ्रेदोनिया येथें कापुचिन मठाच्या बांधकामावर मजुरी मिळाली. एके दिवशीं दुसऱ्या मठांतील एका साधूनें त्यांना चार हिताच्या गोष्टी सांगितल्या. त्या मनांत घोळवीत परत येतांना, २ फेब्रुवारी १५७५ रोजीं, वाटेंतच त्यांनीं गुडघे टेकले आणि गतायुष्याबद्दल अश्रु ढाळले. त्या दिवसापासून जुनें जीवन संपलें. मठांत प्रवेश घेण्याचा त्यांनीं प्रयत्न केला. परंतु पायाच्या जखमेमुळें कापुचिन साधूंना त्यांस ठेवून घेतां येईना. मठाचें दार जिनें बंद केलें, त्या जखमेनेंच इस्पितळाचें दार उघडलें. जेथून त्यांना हांकलून दिलें होतें, त्याच सान् जाकोमोंत ते परत आले व कालांतरानें तेथील व्यवस्थापक झाले.

त्या काळच्या इस्पितळांची दशा ऐकून अंगावर कांटा उभा राहतो. सेवा करीत ते पोटार्थी नोकर. रोगी तहानेनें तळमळत असले तरी त्यांना त्याची पर्वा नसे. कांहीं रुग्णांना तर प्राण जाण्यापूर्वींच पुरण्यास नेत. पैशासाठीं नव्हे, तर प्रभूच्या प्रेमासाठीं सेवा करणाऱ्यांचा एक संघ असावा, हा विचार १५८२ सालीं कामिलस यांच्या मनांत आला. त्यांचे पापनिवेदन ऐकणारे संत फिलिप नेरी हे होते. वयाच्या बत्तिसाव्या वर्षीं ते लहान मुलांसमवेत लॅटिनच्या वर्गांत बसले, आणि १५८४ सालीं परागंदा होऊन रोममध्यें राहिलेले बिशप थॉमस गोल्डवेल यांच्या हस्तें त्यांना गुरुदीक्षा मिळाली. पोप सिक्स्टस पांचवे यांनीं १५८६ सालीं या मंडळास मान्यता दिली व झग्यावर तांबडा क्रूस लावण्याची परवानगी दिली. १५९१ सालीं तिसाव्या नव्हे, तर अवघ्या पांच वर्षांच्या वयांत या मंडळास पूर्ण संघाची प्रतिष्ठा लाभली. दारिद्र्य, ब्रह्मचर्य व आज्ञापालन यांबरोबर, स्वतःचा जीव धोक्यांत घालूनही रोग्यांची सेवा करण्याचें चौथें व्रत हे बंधू घेत.

हें व्रत केवळ तोंडचें नव्हतें. १५८८ सालीं साथीनें ग्रासलेलीं जहाजें नेपल्सच्या बंदराबाहेर अडवून ठेवलीं होतीं. बंधू त्यांवर चढले, आणि त्यांतील दोघे तीच व्याधि जडून मरण पावले. १५९५ सालीं हंगेरींत लढणाऱ्या सैन्याबरोबर संघाचे बंधू जखमींच्या शुश्रूषेसाठीं गेले. रणांगणावरील संघटित रुग्णसेवेचें हें एक अगदीं आरंभींचें उदाहरण होय. आज जगभर ओळखीच्या असलेल्या रेडक्रॉसचें चिन्ह १८६४ सालचें व स्वित्झर्लंडच्या ध्वजावरून घेतलेलें आहे. तथापि त्यापूर्वीं पावणेतीनशें वर्षें एक तांबडा क्रूस घायाळांच्या उशाशीं उभा होता. १५९८ सालीं टायबर नदीला महापूर आला, तेव्हां कामिलस यांनीं सान्तो स्पिरितो इस्पितळांतील रोग्यांना वरच्या मजल्यावर हलविण्यासाठीं रात्रभर कष्ट घेतले. मोकळी हवा, योग्य पथ्य, सांसर्गिक रोग्यांस वेगळें ठेवणें, आणि प्राण गेला असें वाटल्यावरही कांहीं काळ थांबून खात्री करून घेणें, या गोष्टींवर त्यांचा कटाक्ष असे.

१६०७ सालीं त्यांनीं संघाचें प्रमुखपद सोडलें. पायाची जखम चाळीस वर्षांहून अधिक काळ वाहत होती. उभें राहवेना तेव्हां ते बिछान्यावरून उतरून सरपटत शेजारच्या रोग्याची विचारपूस करावयास जात. १४ जुलै १६१४ रोजीं रोम येथें त्यांनीं देह ठेवला. १७४६ सालीं त्यांना संतपद मिळालें. १८८६ सालीं ते रुग्णांचे व इस्पितळांचे, आणि १९३० सालीं परिचारक-परिचारिकांचे आश्रयदाते झाले. त्यांचा संघ आज भारतासह अनेक देशांत सेवा करीत आहे.

वाचकहो, महोत्सवाच्या वेळीं आपण मंदिराच्या भिंती, घंटा व वेदी यांचा हिशेब मांडतों, आणि तें योग्यच आहे. परंतु आपल्या धर्मग्रामांत किती जण अंथरुणास खिळून आहेत, आणि त्यांच्या उशाशीं गेल्या वर्षांत आपण किती वेळ बसलों, हाही हिशेब मांडावयास हवा. संत कामिलस यांना सेवेसाठीं निरोगी देह मिळाला नव्हता; निष्कलंक पूर्वायुष्यही नव्हतें. जें होतें तें त्यांनीं दिलें. आपणही तेवढेंच करावें, म्हणजे हा उत्सव सफल झाला असें म्हणतां येईल.