गच्चीवरचे चामिचान सर

हायवेच्या कडेला नवा रंग दिलेली भिंत वर्षभरात कशी होते, हे नगरकरांना सांगायला नको. धूळ, धूर, काजळी! पण ऊन पडलं की भिंतच स्वतःला साफ करायला लागली तर? अशा भिंती जगात खरंच आहेत. त्यामागच्या प्रकाश-रसायनशास्त्राचा पाया ज्यांनी घातला, त्या जाकोमो चामिचान यांची ही गोष्ट.

चामिचान यांचा जन्म 1857 चा, त्रिएस्ते शहरातला. हे शहर आज इटलीत आहे, तेव्हा ऑस्ट्रियाच्या साम्राज्यात होतं. घराणं मूळचं आर्मेनियन. व्हिएन्नात शिक्षण, जर्मनीतल्या गीसेनमधून डॉक्टरेट, मग रोम आणि पाडुआ. 1889 मध्ये ते बोलोन्या विद्यापीठात प्राध्यापक झाले आणि अखेरपर्यंत तिथेच रमले.

त्या काळी रासायनिक क्रिया घडवायची म्हणजे बहुतेक वेळा तापवायचं. चामिचान आणि त्यांचे सहकारी पॉल सिल्बर यांनी वेगळीच वाट धरली. काचेच्या नळ्या-बाटल्यांत रसायनं भरून त्यांनी त्या गच्चीवर उन्हात मांडल्या. आपल्याकडे उन्हाळ्यात वाळवणं घालतात ना, अगदी तशा! मग आत काय बदललं ते तपासायचं. नुसत्या प्रकाशाने किती क्रिया घडतात, हे त्यांनी वर्षानुवर्षं नोंदवलं.

1912 मध्ये न्यूयॉर्कच्या परिषदेत त्यांनी या कामामागचं स्वप्न मांडलं. कोळसा म्हणजे जुन्या काळचं साठलेलं ऊन, ते कधीतरी संपणारच. मग आजचंच ऊन का वापरू नये? ओसाड, कोरड्या जमिनींवर काचेच्या नळ्यांचे, धूर आणि धुराडी नसलेले कारखाने त्यांनी कल्पनेत उभे केले. पाथर्डी-जामखेडच्या माळावर उभं राहून हे वाचा, मग त्याची किंमत कळेल.

नोबेलसाठी त्यांचं नाव नऊ वेळा सुचवलं गेलं. मिळालं एकदाही नाही. 2 जानेवारी 1922 ला ते गेले.

गोष्ट मात्र तिथे थांबली नाही. 1972 मध्ये जपानच्या फुजिशिमा आणि होंडा यांनी दाखवलं, की टायटॅनियम डायऑक्साइडवर प्रकाश पडला की पाण्याचं विघटन होऊ शकतं. हीच पांढरी पूड आपल्या भिंतीच्या रंगातही असते. तिचा योग्य प्रकार सिमेंटमध्ये किंवा लेपात घातला, की उन्हातल्या अतिनील किरणांनी ती जागी होते, काजळी-तेलकटपणा तोडते, गाड्यांच्या धुरातल्या नायट्रोजन ऑक्साइडचं नायट्रेट करते. पूड स्वतः खर्च होत नाही. रोममध्ये 2003 साली उभं राहिलेलं ज्युबिली चर्च अशाच पांढऱ्या सिमेंटचं आहे.

पण थांबा, ही जादू नाही. भिंतीवर साचलेलं धुवून न्यायला पाऊस लागतो, आणि आपल्या दुष्काळी भागात तोच रुसतो. धुळीचा जाड थर बसला तर प्रकाश आत पोचतच नाही. शिवाय भिंत करून करून किती करणार? धूर मुळात कमी करावा लागतोच.

चामिचान सरांना नेमकं तेच हवं होतं. धूर पुसणं ही पुढची गोष्ट, आधी तो निघूच नये. सायन्सला असाल तर लक्षात ठेवा: त्यांचं सगळ्यात मोठं यंत्र होतं ऊन. आणि आपल्या जिल्ह्यात त्याचा तुटवडा कधीच नव्हता.