चतुरांचे अभ्यासक रॉबर्ट टिलयार्ड

पावसाळा सरत आला म्हणजे मैदानावर घिरट्या घालणारे चतुर आपण सर्वच पाहतो. डबक्याकाठच्या सडपातळ टाचण्याही आपल्या ओळखीच्या आहेत. चतुर पंख पसरून बसतो. टाचणी बहुधा ते पाठीवर मिटून घेते. या क्षुद्र भासणाऱ्या जीवांच्या ठायी कोट्यवधी वर्षांचा इतिहास साठलेला आहे, हे ज्यांनी ओळखले, त्या रॉबर्ट जॉन टिलयार्ड यांचे चरित्र मननीय आहे.

त्यांचा जन्म ३१ जानेवारी १८८१ रोजी इंग्लंडातील नॉर्विच येथे झाला. सैन्यात शिरण्याचा त्यांचा मानस होता. परंतु संधिवाताने तो मार्ग बंद केला. केंब्रिज येथे गणिताचे अध्ययन पुरे करून १९०४ साली ते ऑस्ट्रेलियात गेले व सिडनी ग्रामर स्कूलमध्ये गणित व विज्ञान शिकवू लागले. अध्यापन सांभाळून त्यांनी तेथील चतुरांचा अभ्यास आरंभिला. त्यांतील पेटाल्युरा हा अवाढव्य चतुर अतिप्राचीन कुळातला. त्याची पिल्ले मोकळ्या पाण्यात न राहता दलदलीत बिळे करून वर्षानुवर्षे काढतात. त्यांची जीवनकथा टिलयार्ड यांनी चिकाटीने जुळविली.

१९१३ साली शिक्षकाची नोकरी सोडून ते पुन्हा विद्यार्थी झाले. त्याच सुमारास रेल्वेच्या अपघाताने त्यांस जबर दुखापत झाली. तरीही १९१७ साली चतुरांच्या जीवनावरील त्यांचा महत्त्वाचा ग्रंथ प्रसिद्ध झाला.

पुढे आपल्या देशाशी त्यांचा संबंध आला. १९१८ साली दार्जिलिंगजवळील सोनादा येथील ओढ्यात स्टॅन्ले केंप यांस एक विलक्षण पिल्लू सापडले. टाचणीच्या पिल्लास शेपटीशी पानासारखे तीन कल्ले असतात. यास ते नव्हते. चतुराच्या पिल्लाप्रमाणे त्याची श्वसनाची सोय शरीराच्या आतच होती. जपानात एपिओफ्लेबिया नावाचा एक कीटक पूर्वीच ज्ञात होता. त्याचे धड चतुरासारखे दणकट, पण पंख टाचणीसारखे मुळाशी निमुळते व बसताना मिटणारे. हिमालयातील पिल्लू त्याच प्राचीन वंशाचे आहे, असा निर्णय टिलयार्ड यांनी केला आणि १९२१ साली त्यास एपिओफ्लेबिया लेडलॉवी हे नाव दिले.

दरम्यान १९२० साली ते न्यूझीलंडमधील नेल्सन येथे गेले होते. तेथे सफरचंदाच्या झाडांवरील लोकरी माव्याचा नाश करण्यासाठी त्यांनी एक चिमुकली परोपजीवी गांधीलमाशी आणविली. १९२५ साली ते रॉयल सोसायटीचे सभासद झाले. १९२८ पासून त्यांनी ऑस्ट्रेलिया सरकारचे मुख्य कीटकशास्त्रज्ञ म्हणून काम केले. परंतु प्रकृती ढासळल्याने १९३४ साली त्यांस निवृत्त व्हावे लागले. १३ जानेवारी १९३७ रोजी मोटार-अपघाताने त्यांचा अंत झाला.

हिमालयातील त्या कीटकाचे पंख फुटलेले रूप त्यांच्या दृष्टीस कधीच पडले नाही. ते वर्णन १९६३ साली जपानी शास्त्रज्ञ असाहिना यांनी प्रसिद्ध केले, आणि केवळ पिल्लावरून बांधलेले टिलयार्ड यांचे अनुमान खरे ठरले.

विद्यार्थिमित्रांनो, शरीराने वारंवार दगा दिला तरी या शिक्षकाने निरीक्षण सोडले नाही. पुढच्या वेळी चतुर दिसला, तर त्याच्या शेपटीस दोरा बांधण्याआधी क्षणभर त्याचे पंख न्याहाळून पाहा. मग दोरा बांधावासा वाटणार नाही.