फ्रायर साहागुन आणि दोन फेब्रुवारी

फ्रायर बर्नार्दिनो हे स्पेनमधील साहागुन गावचे. जन्म सुमारे १४९९ चा, शिक्षण सालामांका विद्यापीठात. फ्रान्सिस्कन संघात प्रवेश करून ते १५२९ साली मेक्सिकोला गेले आणि पुढची साठ वर्षे तिथेच राहिले. नाहुआ लोकांची भाषा त्यांनी आत्मसात केली. त्लातेलोल्को येथे १५३६ साली सुरू झालेल्या सान्ता क्रूझ कॉलेजात तिथल्या मुलांना ते लॅटिन शिकवीत.

त्यांना एक चिंता होती. लोक बाप्तिस्मा घेत, मिस्साला येत, सणाला नाचत-गात. पण ते गाणे नक्की कुणासाठी? चर्चचा सण आणि जुन्या देवाचा सण एकाच सुमारास आला, तर बाहेरून ओळखायचे कसे? रोगाची माहिती नसलेला वैद्य औषध काय देणार, असा त्यांचा विचार होता. म्हणून त्यांनी नाहुआंचे पंचांगच अभ्यासाला घेतले.

वीस-वीस दिवसांचे अठरा महिने आणि वर पाच अशुभ दिवस, असे त्यांचे वर्ष ३६५ दिवसांचे. पण ते सुरू कधी होते? जो-तो वेगळी तारीख सांगे. डॉमिनिकन फ्रायर दुरान यांनी १ मार्च धरली. साहागुन यांनी त्लातेलोल्कोतील जाणते वृद्ध आणि कॉलेजचे हुशार विद्यार्थी एकत्र बसवले. अनेक दिवस वाद चालला आणि अखेर २ फेब्रुवारी ठरली. आपण मेणबत्त्या आशीर्वादित करतो, तोच दिवस! दर चार वर्षांनी अशुभ दिवस सहा होत असावेत, असा तर्कही त्यांनी केला. तो मात्र अभ्यासकांना आजही वादग्रस्त वाटतो. त्यातच १५८२ साली पोप तेरावे ग्रेगरी यांनी दहा दिवस गाळले आणि जुनी २ फेब्रुवारी नव्या हिशेबात १२ फेब्रुवारी झाली.

नाहुआंची २६० दिवसांची आणखी एक गणना होती. तिच्यावरून बाळाचे नाव ठरे, भविष्यही पाहिले जाई. साहागुन तिला पंचांग मानायलाच तयार नव्हते. ती निव्वळ सैतानी भविष्यविद्या, असे ते म्हणत. इथे ते जरा जास्तच कठोर झाले, असे आम्हांला वाटते. जन्मदिवसाच्या संताचे नाव बाळाला देण्याची रीत आपल्याकडेही होतीच की.

१५७७ साली राजा दुसरा फिलिप याने त्यांचे लेखन जप्त करण्याचा हुकूम काढला. बारा ग्रंथांचे ते हस्तलिखित आज फ्लॉरेन्सच्या ग्रंथालयात आहे. १५९० साली, नव्वदीच्या घरात, मेक्सिकोतच त्यांचे निधन झाले. हयातीत त्यांचे एकच पुस्तक छापले गेले, १५८३ साली: जुन्या गाण्यांच्या जागी गाता यावीत म्हणून नाहुआंच्या भाषेत रचलेली, चर्चच्या सणांप्रमाणे लावलेली गीते.