औंधच्या राजाचे नमस्कार

मेहरूण तलावाच्या काठी पहाटे फिरायला जाणाऱ्या जळगावकरांना २०२०चा उन्हाळा विसरता येणार नाही. २५ मार्चपासून टाळेबंदी लागू झाली आणि तलावाकाठची ती वर्दळ एकाएकी थांबली. मे-जूनमध्ये जळगाव जिल्ह्याचा मृत्युदर साऱ्या राज्यात चिंतेचा विषय झाला होता. मोठी माणसे घरात भयाने बसली आणि मुले त्यांच्यासोबत, मोबाईलच्या पडद्यासमोर. शाळा तिथेच, मैदान तिथेच, मित्रही तिथेच. शहरी भागातले आठवीपासूनचे वर्ग ४ ऑक्टोबर २०२१ रोजी पुन्हा सुरू झाले, तेव्हा अनेक घरांत एक किरकोळ वाटणारा पण बोलका प्रसंग घडला. दीड वर्षापूर्वीचा गणवेश मुलांच्या अंगात शिरेना. उंचीने आखूड झाला असता तर कौतुक होते. तो कमरेत अडकत होता.

अशा वेळी औंध संस्थानच्या एका राजाची आठवण व्हावी, हे जरा विचित्र वाटेल. श्रीमंत भवानराव श्रीनिवासराव तथा बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांचे नाव चित्रकलेच्या, महाभारताच्या किंवा किर्लोस्करवाडीच्या संदर्भात आपण ऐकतो. परंतु अंगण, मैदान, सोबती यांपैकी काहीही नसताना घरातल्या मुलाने शरीर कसे राखावे, या प्रश्नाला या गृहस्थाने आयुष्याची चाळीसहून अधिक वर्षे दिली.

२४ ऑक्टोबर १८६८ रोजी त्यांचा जन्म झाला. पुण्याच्या डेक्कन कॉलेजातून ते पदवीधर झाले. राजवाड्यातला मुलगा म्हणजे तूप, पक्वान्ने आणि हाताशी नोकर. देह सुटायला सगळी अनुकूलता. वडिलांच्या हाताखाली कारभार पाहू लागल्यावर बैठे काम वाढले. याच सुमारास, १८९७ मध्ये, त्यांनी युजीन सँडो या जगप्रसिद्ध मल्लाची व्यायामाची साधने व पुस्तके मागवली. डंबेल्स, ओढायच्या दोऱ्या आणि भिंतीवर टांगायचे तक्ते असा तो सारा सरंजाम होता. तब्बल दहा वर्षे त्यांनी सँडोची पद्धत निष्ठेने चालवली.

ते साल लक्षात ठेवण्यासारखे आहे. १८९६च्या सप्टेंबरात मुंबईत प्लेग उघडकीस आला होता आणि १८९७ मध्ये पुणे त्याच्या तडाख्यात होते. सावित्रीबाई फुले त्याच साथीत गेल्या. शाळा बंद, माणसे गावाबाहेर झोपड्यांत, मुले कोंडलेली. आपल्या खानदेशानेही पुढे या रोगाचे चटके सोसले. जळगावच्या बहिणाबाई चौधरींच्या ओंकार या मुलाला प्लेगनेच अपंगत्व आले. साथीच्या काळात मूल जगले-वाचले की आईबापांना पुरे असते. ते कसे वाढते आहे, याकडे पाहण्याचे त्राण नसते. ही गोष्ट २०२० मध्येही बदलली नव्हती.

१९०८च्या सुमारास मिरजेच्या थोरल्या पातीचे अधिपती श्रीमंत बाळासाहेब पटवर्धन यांनी आपल्या या मित्राला सूर्यनमस्कारांची शिफारस केली. गंमत अशी, की नमस्कार महाराष्ट्रातल्या घराघरांत ठाऊक होते. समर्थांच्या परंपरेने ते आखाड्यांत आणि मारुतीच्या देवळांत टिकवले होते. पण इंग्रजी शिकलेल्या राजपुत्राला त्यांच्याकडे वळायला लंडनच्या मल्लाचा दहा वर्षांचा वळसा घ्यावा लागला. यात त्यांची थट्टा करण्यासारखे काही नाही; आजही आपण आधी यंत्रे विकत घेतो आणि मग त्यांवर टॉवेल वाळत घालतो.

सँडोच्या पद्धतीत स्नायू कमवता येत, पण त्यासाठी साधने लागत. नमस्काराला अंथरलेल्या सतरंजीएवढी जागा पुरते. वाकणे, हात टेकणे, पाय मागे नेणे, छाती उचलणे, पुन्हा उभे राहणे अशा दहा स्थितींत मान, पोट, कंबर, मांड्या सगळे हलते आणि श्वासही हिशेबात येतो. राजेसाहेबांनी ही स्थित्यंतरे नेमकी ठरवली. गुडघे कुठे ताठ हवेत, श्वास कधी घ्यायचा आणि कधी सोडायचा, बीजमंत्र कुठे उच्चारायचा, हे सारे त्यांनी आखून दिले. ढेरी कमी करायची तर उपासाने खंगण्यापेक्षा रोज नेमाने वाकावे, अशी त्यांची एकंदर भूमिका दिसते.

१९०९ मध्ये ते गादीवर आले. औंध म्हणजे जेमतेम बहात्तर गावांचे राज्य, तेही सलग नव्हे. साताऱ्यापासून आटपाडीपर्यंत आणि पलीकडे विजापूरच्या बाजूलाही विखुरलेले. पैसा बेताचा. व्यायामशाळा बांधायच्या तर तिजोरी रिकामी झाली असती. म्हणून त्यांनी शाळांतच नमस्कार सुरू केले, आणि सक्तीने केले. विशेष म्हणजे मुलींनाही ते लावले. राणीसाहेब आणि राजपुत्रही नमस्कार घालीत. प्रजेच्या मुलांना सांगायचे आणि आपली मुले मऊ गादीवर झोपवायची, असा प्रकार नव्हता. औंधच्या शाळेत शिकलेल्यांत ग. दि. माडगूळकरांचे नाव सर्वांना ठाऊक आहे.

सक्ती हा शब्द आज खटकतो, आणि तो खटकायलाही हवा. रांगेत उभ्या केलेल्या जाड मुलाचा श्वास दहाव्या नमस्काराला फुलतो आणि मागची मुले हसतात. तो पोरगा पुढच्या आयुष्यात सतरंजीकडे फिरकत नाही. राजेसाहेबांच्या पद्धतीत मात्र एक शहाणपण होते. संख्या वयाप्रमाणे आणि कुवतीप्रमाणे, थोड्यापासून चढवीत न्यायची. बालरोगतज्ज्ञ आज जे सांगतात, त्याच्याशी हे बरेच जुळते. वाढत्या वयातल्या बहुतेक स्थूल मुलांचे वजन झपाट्याने उतरवायचे नसते. ते आहे तिथे रोखून उंचीला पुढे जाऊ द्यायचे असते. पाच ते सतरा वर्षांच्या मुलांनी दिवसाला सरासरी साठ मिनिटे हालचाल करावी, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. टाळेबंदीत ही साठ मिनिटे कुठून आणायची, हाच तर पेच होता. केंद्राच्या २०१९-२१च्या कुटुंब आरोग्य पाहणीत पाच वर्षांखालील अतिवजनी बालकांचे प्रमाण ३.४ टक्के आढळले. आधीच्या पाहणीत ते २.१ होते. आकडा लहान दिसतो, पण कल कुठे आहे ते कळते.

१९१८च्या इन्फ्लुएंझात मुंबई इलाख्यात सुमारे दहा लाख माणसे दगावली. नमस्काराने साथ टळते, असे कुणी समजू नये. तसे कोणताही व्यायाम करीत नाही. राजेसाहेबांच्या पुस्तकांत नमस्काराला अनेक व्याधींवरचा उतारा ठरवण्याचा उत्साह आहे, तोही आज जपूनच वाचावा. ते वैद्य नव्हते, भक्त होते. आहाराबाबत मात्र त्यांचे पाय जमिनीवर असत. चहा-कॉफी टाळा, सडलेल्या पांढऱ्या तांदळापेक्षा हातसडीचा घ्या, कोंड्यासकट गहू खा, भाज्या वाढवा, हा उपदेश त्यांनी केला, तेव्हा बिस्किटांचा पुडा घरोघर पोहोचायचा होता.

प्रचाराची त्यांची हौस दांडगी होती. मूकपटाच्या जमान्यात त्यांनी नमस्काराची चित्रफीत काढवली. १९३८ मध्ये लुईस मॉर्गन या पत्रकर्तीच्या संपादनाखाली त्यांचे पुस्तक लंडनहून निघाले. सँडोची साधने जिथून आली होती, त्याच मुलखाला औंधने परतफेड केली.

बाकी कर्तृत्व एका लेखात मावणारे नाही. १९१६चे चित्ररामायण, भांडारकर संस्थेच्या महाभारत आवृत्तीला दिलेला आधार, लक्ष्मणराव किर्लोस्करांना कारखान्यासाठी दिलेली जागा, १९३५च्या इंदूर साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद, औंधचे संग्रहालय. १९३९ मध्ये गांधीजींच्या सल्ल्याने त्यांनी आपली सत्ता प्रजेच्या हाती सोपवली. १९४८ मध्ये संस्थान विलीन झाले. मंत्री, फौजफाटा, दरबार सगळे गेले. पहाटेचे नमस्कार गेले नाहीत. १३ एप्रिल १९५१ रोजी वयाच्या ब्याऐंशीव्या वर्षी ते निवर्तले.

त्यांचे पुत्र अप्पासाहेब पंत पुढे स्वतंत्र भारताचे राजदूत झाले. नैरोबीपासून लंडनपर्यंत जिथे बदली होईल, तिथे ही वडिलोपार्जित सतरंजी सोबत गेली, आणि १९७० मध्ये त्यांनीही सूर्यनमस्कारांवर इंग्रजीत पुस्तक लिहिले.

मेहरूणच्या काठी आता पुन्हा गर्दी असते. हिवाळ्यात मेहरूणची बोरे बाजारात येतात, मुले ती खात खात घरी जातात. तलावाकाठी चालणाऱ्यांत मात्र पन्नाशीच्या पुढचेच अधिक दिसतात. मुले त्या वेळी शिकवणीला गेलेली असतात.