ग्रेस हॉपर : बिघाड शोधणाऱ्या गणिताच्या बाई

शाळेतला जुना डेस्कटॉप नवा प्रोग्राम घेत नाही, हे आपण नेहमी बघतो. यंत्र बदललं की प्रोग्रामही पुन्हा लिहायचा का? या प्रश्नामागे आयुष्यभर लागलेल्या बाई मुळात शिक्षिकाच होत्या.

ग्रेस हॉपर यांचा जन्म 9 डिसेंबर 1906 रोजी न्यूयॉर्कमध्ये झाला. सात वर्षांच्या असताना त्यांनी घरातली गजराची सात घड्याळं एकामागून एक खोलून ठेवली. आईने खेळ बंद केला नाही, फक्त एकाच घड्याळावर भागवायला सांगितलं. पालकांनो, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे!

1934 मध्ये त्यांनी येल विद्यापीठातून गणितात पीएच.डी. मिळवली. त्या व्हासार कॉलेजात शिकवत होत्या. महायुद्धात नौदलात जायचं ठरवलं, तर वजन कमी भरलं. पण खास परवानगी काढून त्या भरती झाल्याच. तिथून त्या हार्वर्डच्या मार्क वन संगणकावर आल्या. 1947 मध्ये मार्क टूच्या रिलेत एक मेलेला पतंग सापडला. सहकाऱ्यांनी तो चिकटपट्टीने नोंदवहीत लावून ठेवला. 'बग' हा शब्द त्याआधीही होता, पण हॉपरबाईंनी ही गोष्ट पुढे सगळीकडे सांगितली.

तेव्हा प्रत्येक यंत्राची भाषा वेगळी होती. एकाचा प्रोग्राम दुसऱ्यावर चालायचा नाही. 1952 मध्ये त्यांनी ए-झिरो हा कंपायलर तयार केला. संगणक स्वतःच प्रोग्राम जुळवेल, हे अनेकांना पटेना. त्यांनी चिकाटी सोडली नाही. त्यांच्या फ्लो-मॅटिक भाषेचा आधार घेऊन कोबोल तयार झाली. डिसेंबर 1960 मध्ये जवळपास तोच कोबोल प्रोग्राम आरसीए आणि युनिव्हॅक अशा दोन वेगळ्या यंत्रांवर चालला.

शिकवणं मात्र सुटलं नाही. प्रकाश एका नॅनोसेकंदात किती जातो हे दाखवायला त्या सुमारे 30 सेंटिमीटर तारेचा तुकडा श्रोत्यांच्या हाती द्यायच्या. 1986 मध्ये, वयाच्या 79 व्या वर्षी, त्या रिअर ॲडमिरल म्हणून निवृत्त झाल्या. 1 जानेवारी 1992 रोजी त्यांचं निधन झालं.

आता तुम्ही एवढं करा. संगणकाजवळ एक वही ठेवा. प्रोसेसर कोणता, 32 बिटचा की 64 बिटचा, रॅम किती, हे मुलांकडून लिहून घ्या. 64 बिटचा प्रोग्राम 32 बिटच्या प्रोसेसरवर चालणार नाही, हे त्यांना त्यातूनच कळेल. बिघाड झाला की तारीख, काय दिसलं, काय केलं, हेही लिहू द्या. पीसी भंगारात काढण्याआधी ती वही एकदा वाचा.