टेंभूच्या आगरकरांनी 1888 मध्ये मराठी वाक्य उसवून दाखवलं होतं, 'मोअर बेटर'चं उत्तरही तिथेच सापडतं

टेंभू म्हटलं की सांगली जिल्ह्यातल्या माणसाला पाणी आठवतं. कराडजवळच्या या गावातून कृष्णेचं पाणी उचलायचं आणि खानापूर, आटपाडी, तासगाव, कवठेमहांकाळच्या दुष्काळी पट्ट्यात न्यायचं, ती टेंभू योजना.

याच टेंभूत 14 जुलै 1856 ला गोपाळ गणेश आगरकर जन्मले.

समाजसुधारक, 'केसरी'चे पहिले संपादक, टिळकांचे आधी जिवलग मित्र आणि नंतर कडवे विरोधक. शाळेत आगरकर एवढ्यावरच संपतात. या माणसाने मराठी वाक्य कसं बनतं यावर एक आख्खं पुस्तक लिहिलं होतं, हे मात्र आपल्या गावीही नसतं.

आणि इंग्रजी बोलताना आपल्या तोंडून 'मोअर बेटर' का निघतं, हे समजून घ्यायचं असेल तर वाक्याकडे असंच बघावं लागतं.

पण आधी आगरकर इंग्रजीपर्यंत पोहोचले कसे ते बघू, कारण तो रस्ता सोपा नव्हता.

घरची गरिबी. शिक्षण कराडला सुरू झालं, पण पुढे जायला पैसे नाहीत. मग कधी कचेरीत लिहिण्याचं काम कर, कधी दवाखान्यात कंपाउंडरचं. शिकायची सोय होईल या आशेने हा मुलगा कराडहून रत्नागिरीला चालत गेला. तिथेही जमलं नाही, परत यावं लागलं. शेवटी नातेवाइकांच्या आधाराने थेट अकोला गाठलं. तिथे विष्णु मोरेश्वर महाजनी हे शिक्षक भेटले. महाजनी स्वतः शेक्सपिअरची नाटकं मराठीत आणणारे. 1875 ला आगरकर मॅट्रिक झाले आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजात आले. एकच सदरा होता, तो रात्री धुवायचा आणि सकाळी घालायचा, असं त्यांच्या तिथल्या दिवसांबद्दल सांगतात.

त्या काळात एम.ए. म्हणजे मोठी सरकारी नोकरी जवळपास ठरलेली. आगरकरांनी आईला पत्र लिहून कळवलं की मोठ्या पगाराची आशा ठेवू नकोस. मग ते चिपळूणकर आणि टिळकांच्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये रुजू झाले. 4 जानेवारी 1881 ला 'केसरी' निघाला. कोल्हापूर प्रकरणात 1882 मध्ये टिळकांसोबत डोंगरीच्या तुरुंगात 101 दिवस काढून झाले. आणि 1883 मध्ये त्यांनी 'हॅम्लेट'चं मराठी भाषांतर छापलं, 'विकारविलसित' या नावाने.

आता इथे जरा थांबू.

हॅम्लेटने ओफिलियाला लिहिलेलं एक प्रेमपत्र या नाटकात आहे. त्यात शेक्सपिअरने 'बेस्ट'च्या आधी आणखी एक 'मोस्ट' लावलाय. याच नाटकात दुसऱ्या एका ठिकाणी 'रिचर'च्या आधी 'मोअर' आहे. म्हणजे ज्या चुकीसाठी आपल्या वहीवर लाल रेघ ओढली जाते, ती खुद्द शेक्सपिअरने केली आहे! अर्थात त्याच्या काळात ती चूक नव्हतीच. जोर द्यायला लोक सर्रास असं बोलायचे. पुढे अठराव्या शतकातल्या व्याकरणकारांनी एकावर एक चढवायचं नाही असं ठरवलं आणि तोच नियम शाळेच्या पुस्तकांतून आपल्यापर्यंत आला.

नियम तसा छोटा आहे. शब्द आखूड असेल तर त्याला शेपूट लावायची: टॉल, टॉलर, टॉलेस्ट. लांब असेल तर शब्दाला हात लावायचा नाही, आधी मोअर किंवा मोस्ट ठेवायचं: मोअर ब्यूटिफुल, मोस्ट ब्यूटिफुल. हॅपी, ईझी अशा शब्दांत शेवटचा वाय जाऊन आय येतो आणि मग शेपूट लागते. गुड, बेटर, बेस्ट आणि बॅड, वर्स, वर्स्ट ही बंडखोर मंडळी, ती पाठच करावी लागतात. दोघांची तुलना असेल तर 'दॅन', सगळ्यांत वरचा असेल तर आधी 'द'. शेपूट आणि मोअर दोन्ही एकदम नाही, झालं.

मग एवढं सोपं असून आपण अडखळतो का?

कारण मराठीत विशेषण हलतच नाही. कृष्णा लांब आहे. कृष्णा कोयनेपेक्षा लांब आहे. कृष्णा या भागातली सगळ्यात लांब नदी आहे. तिन्ही वाक्यांत 'लांब' जसाच्या तसा. तुलनेचं सगळं ओझं कोयनेला लागलेल्या 'पेक्षा'ने आणि 'सगळ्यात'ने उचललं. इंग्रजीत 'लाँग'चं 'लाँगर' होतं आणि 'लाँगेस्ट' होतं, बदल विशेषणाच्या पोटात होतो. आपल्याकडे तो विशेषणाच्या बाहेर, वाक्यात होतो. त्यात 'अजून चांगलं', 'जास्त चांगलं' असं दोन शब्दांत बोलायची सवय. मग 'बेटर'मध्ये 'जास्त' आधीच भरलेलं आहे हे जाणवतच नाही आणि आपण वरून 'मोअर' टाकतो. मुलगा ढ आहे म्हणून असं होत नाही, त्याची मातृभाषा तुलना दुसऱ्या जागी करते म्हणून होतं. इंग्रजीच्या तासाला हे एकदा तरी सांगायला हवं असं मला वाटतं.

आगरकरांचं 1888 चं पुस्तक 'वाक्यमीमांसा आणि वाक्यांचे पृथक्करण'. मराठीचं व्याकरण दादोबा पांडुरंगांनी 1836 मध्येच लिहिलं होतं. आगरकरांनी आख्खं वाक्य हाती घेतलं. इंग्रजी शाळांत वाक्याची फोड करून शिकवायची पद्धत होती, ती त्यांनी मराठीला लावली.

त्यांच्या फर्ग्युसन कॉलेजचे प्राचार्य होते वामन शिवराम आपटे, संस्कृत कोशवाले. संस्कृतचं नाव काढायचं कारण असं की मराठीत शेपटीवाली तुलना येते ती तिथून. उच्च, उच्चतर, उच्चतम. गणितातला लघुतम आणि महत्तम. याहून गंमत म्हणजे ज्येष्ठ, कनिष्ठ, श्रेष्ठ, बलिष्ठ यांतला 'इष्ठ' आणि इंग्रजीतला 'एस्ट' एकाच जुन्या मुळातून आलेत. संस्कृत 'स्वादिष्ठ' आणि इंग्रजी 'स्वीटेस्ट' हे दूरचे भाऊ आहेत! आपण मात्र 'स्वादिष्ट' लिहितो आणि चवदार एवढाच अर्थ घेतो.

'श्रेष्ठ' म्हणजेच सगळ्यात चांगला. आपण 'सर्वश्रेष्ठ' म्हणतो, कुणी 'श्रेष्ठतम' म्हणतो. मराठीतला 'मोस्ट बेस्ट' हाच, आणि त्यावर लाल रेघ कुणी ओढत नाही. ज्युनिअर आणि सीनियर हे शब्द मुळात लॅटिनमधली दोघांतली तुलना आहेत, म्हणून त्यांच्यापुढे 'दॅन' न येता 'टू' येतो. आपण ज्युनिअर कॉलेजला 'कनिष्ठ महाविद्यालय' केलं, शब्दशः बघितलं तर सगळ्यात लहान कॉलेज.

असो. ज्या वर्षी 'वाक्यमीमांसा' आलं, त्याच वर्षी 15 ऑक्टोबरला आगरकरांनी 'सुधारक' काढला. सामाजिक सुधारणांवरून टिळकांशी पटेना म्हणून 'केसरी' त्यांनी 1887 मध्येच सोडला होता. 'सुधारक' मराठी आणि इंग्रजी अशा दोन भाषांत निघायचा, इंग्रजीची बाजू गोपाळ कृष्ण गोखले सांभाळायचे. बालविवाह, विधवांचं केशवपन यावर आगरकर इतकं रोखठोक लिहायचे की चिडलेल्या लोकांनी ते जिवंत असताना त्यांची प्रेतयात्रा काढली.

1892 मध्ये आपटे गेले आणि आगरकर फर्ग्युसनचे प्राचार्य झाले. दम्याने तब्येत आधीच पोखरली होती. 17 जून 1895 ला ते गेले, तेव्हा वय होतं 38. अंत्यसंस्काराचे पैसे त्यांनी पुडीत बांधून बाजूला ठेवले होते, असं सांगतात.

टेंभू तेव्हा ज्या सातारा जिल्ह्यात होतं, त्याच जिल्ह्याचा दक्षिणेकडचा भाग 1949 मध्ये वेगळा होऊन दक्षिण सातारा झाला आणि 1960 मध्ये त्याचं नाव सांगली पडलं. त्याच्या खूप आधी, 1919 मध्ये, आगरकर आणि मंडळींनी 1884 मध्ये उभ्या केलेल्या डेक्कन एज्युकेशन सोसायटीने सांगलीत विलिंग्डन कॉलेज सुरू केलं होतं. कराड-तासगावकडच्या पोरांना कॉलेजसाठी पुणं गाठायलाच हवं, असं मग राहिलं नाही.