अंधुक नजरेचा ध्रुवप्रवासी

दक्षिण ध्रुव म्हटला की अमुंडसेन आणि स्कॉट ही दोन नावे ओठांवर येतात. स्कॉटच्या तुकडीतील ॲप्सली चेरी-गॅरार्ड मात्र फारसा कोणाला आठवत नाही. १८८६ साली जन्मलेला हा इंग्रज तरुण ऑक्सफर्डचा इतिहासाचा पदवीधर, म्हणजे आपल्यासारखाच कलाशाखेचा! दृष्टी मात्र अतिशय अधू. चष्म्याविना रस्त्यापलीकडची माणसे त्याला नुसत्या हलत्या आकृती वाटत. तरीही १९१० च्या मोहिमेत तो सहायक प्राणिशास्त्रज्ञ म्हणून गेला. तळावरच्या झोपडीत त्याने टंकलिखित नियतकालिकाचे संपादनही केले.

एम्परर पेंग्विन भर हिवाळ्यात अंडी घालतो. सरपटणारे प्राणी व पक्षी यांतील दुवा त्याच्या गर्भात सापडेल, अशी एडवर्ड विल्सनची कल्पना होती. म्हणून २७ जून १९११ रोजी विल्सन, रॉयल इंडियन मरीनमधला बॉवर्स आणि चेरी ध्रुवीय काळोखात निघाले. जव्हार-मोखाड्याच्या डोंगरांतली पौषातली थंडी आपल्याला कडाक्याची वाटते. तिथे पारा उणे ६० अंश सेल्सिअसपर्यंत उतरला. अशा थंडीत श्वासाच्या वाफेने काचांवर बर्फ धरे, त्यामुळे चष्मा लावणेच अशक्य. स्लेज ओढत, ठेचकाळत तो सुमारे शंभर किलोमीटर गेला. पाच अंडी मिळाली. परतताना पडझडीत त्याच्याजवळची दोन फुटली. वादळात तंबूही उडाला. तो पुन्हा सापडला, हे केवळ नशीब! १ ऑगस्टला तिघे तळावर पोहोचले.

उरलेली तीन अंडी १९१३ मध्ये त्याने स्वतः लंडनच्या संग्रहालयात नेऊन दिली. १९३४ च्या अहवालात त्यांतून विशेष काही निष्पन्न झाले नसल्याचे म्हटले गेले.

पण खरा घाव वेगळाच होता. फेब्रुवारी १९१२ च्या अखेरीस, ध्रुवावरून परतणाऱ्या स्कॉटला गाठण्यासाठी कुत्र्यांच्या गाड्या घेऊन त्यालाच 'वन टन' या साठ्यापर्यंत पाठवले गेले. सूर्यावरून स्थान काढण्याचे गणित त्याला येत नव्हते, हे पाठवणाऱ्यांना ठाऊक होते. सोबतीला फक्त कुत्री हाकणारा एक जण. वादळ, कुत्र्यांच्या खाद्याचा तुटवडा. आठवडाभर थांबून तो १० मार्चला परतला. माझ्या मते दोष द्यायचाच तर तो या निवडीला द्यावा, त्याला नव्हे.

नोव्हेंबरमध्ये शोधपथकाला तंबू सापडला, तेव्हा चेरी तिथे हजर होता. आत स्कॉट आणि त्याचे हिवाळ्यातले दोन्ही सोबती, विल्सन व बॉवर्स, मृतावस्थेत होते. 'वन टन' तिथून अवघे १८ किलोमीटर!

१९२२ मध्ये त्याने या साऱ्याचा वृत्तांत ग्रंथरूपाने लिहिला. पुढे दीर्घकाळ नैराश्याने त्याला ग्रासले. आपण आणखी पुढे गेलो असतो तर, हा प्रश्न १९५९ पर्यंत, म्हणजे मरेपर्यंत, त्याची पाठ सोडत नव्हता.